मानवी राइबोसोमल आरएनएच्या अनुक्रमांचा शोध

पेशीतून काढलेल्या एकूण आरएनएमध्ये ८० टक्क्यांहून अधिक वाटा राइबोसोमल आरएनएचा, म्हणजे प्रथिने तयार करणाऱ्या राइबोसोममधल्या आरएनएचा असतो. कोणते जनुक किती सक्रिय आहे हे आरएनए सिक्वेन्सिंगने मोजणाऱ्याला तो नको असतो, आणि प्रयोगशाळेत कितीही गाळला तरी थोडा मागे उरतोच. उरलेला भाग संगणकावर ओळखून बाजूला काढायचा, तर त्याचा बिनचूक अनुक्रम, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा (बेसचा) क्रम, हाताशी हवा. सार्वजनिक माहितीसाठ्यांतून तो मिळवताना भल्याभल्यांची फसगत होते.

माणसाच्या पेशीद्रवातील राइबोसोममध्ये चार आरएनए असतात: लहान उपघटकात १८एस, मोठ्यात ५एस, ५.८एस आणि २८एस. यांपैकी १८एस, ५.८एस व २८एस हे ४५एस नावाच्या एकाच लांब रेणूतून कापून तयार होतात. त्याची जनुके १३, १४, १५, २१ आणि २२ या गुणसूत्रांच्या आखूड भुजांवर एकापुढे एक अशा शेकडो प्रतींत असतात. ५एसची जनुके मात्र पहिल्या गुणसूत्रावर आहेत. इतक्या एकसारख्या प्रती जोडून लावणे दीर्घकाळ जमले नाही. म्हणून मानवी जीनोमच्या जुन्या संदर्भ आवृत्त्यांत या भुजा बहुतांशी कोऱ्या राहिल्या. संपूर्ण जीनोम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या आवृत्तीच्या जनुकयादीत नुसते ‘आरआरएनए’ शोधले की ५एस आणि त्याच्या निकामी प्रतींचा ढीग मिळतो, पण खरा मोठा वाटा असलेले २८एस अनेकदा हाती लागत नाही.

त्यामुळे जीनोमऐवजी स्वतंत्र नोंदींकडे वळणे शहाणपणाचे. जेनबँक या सार्वजनिक अनुक्रमसाठ्यातील यू१३३६९ ही नोंद खूप वापरली जाते. ४२,९९९ बेसच्या या नोंदीत एकापुढे एक असलेल्या या प्रतींपैकी एक पूर्ण प्रत, तिच्यापुढच्या मोकळ्या जागेसह, आहे. त्यात १८एस ३,६५७ ते ५,५२७, ५.८एस ६,६२३ ते ६,७७९ आणि २८एस ७,९३५ ते १२,९६९ या स्थानांवर सापडते. १३,३१४ नंतरचा भाग जनुकांमधली मोकळी जागा आहे. पूर्ण नोंद जशीच्या तशी संगणकावरच्या गाळणीला लावली, तर या जागेतील आलू घटकांशी (जीनोमभर विखुरलेल्या छोट्या, सारख्या तुकड्यांशी) जुळणारे इतर जनुकांचे तुकडेही विनाकारण बाद होतात. म्हणून सीमा वाचून तेवढाच भाग कापून घ्यावा. या नोंदीतले १८एस १,८७१ बेसचे भरते, तर रेफसेक या निवडक संदर्भ-अनुक्रमांच्या साठ्यातल्या ‘एनआर’ने सुरू होणाऱ्या नोंदीत ते १,८६९ बेसचे आहे. गाळणीसाठी दोन बेसचा फरक क्षुल्लक आहे. रासायनिक बदलांची नेमकी जागा सांगायची असेल, तर कोणती नोंद वापरली हे लिहिलेच पाहिजे.

नावांतही एक सापळा आहे. ‘एस’ हे अपकेंद्रणात रेणू किती वेगाने खाली बसतो याचे एकक आहे, कार्याची खूण नव्हे. ई. कोलाय या जिवाणूचे १६एस लहान उपघटकाचे, १,५४२ बेसचे. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियातले (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या, स्वतःचे राइबोसोम असलेल्या घटकातले) १६एस मोठ्या उपघटकाचे, १,५५९ बेसचे. नाव एकच, लांबीही जवळपास तीच, पण रेणू निराळे. मायटोकॉन्ड्रियाचे १२एस व १६एस गाळणीत वेगळे घालावे लागतात.

अनेक सजीवांचे अनुक्रम एकत्र हवे असतील, तर जर्मनीतील सिल्व्हा हा तपासून घेतलेला साठा उत्तम. मात्र त्याच्या फाइलींत ‘टी’च्या जागी ‘यू’ असतो. डीएनएची अक्षरे गृहीत धरणाऱ्या प्रोग्रॅमला ती फाइल देण्याआधी प्रत्येक ‘यू’चा ‘टी’ करून घ्यावा, फक्त शीर्षकांच्या ओळी वगळून.