चिल्का सरोवराचं तोंड आणि भरतीचं घड्याळ

कोकणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला साधारण सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी ऐन दुपारी बाराला. अमावास्या-पौर्णिमेला उलट: दुपारी बाराच्या आसपास भरती. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते, म्हणून हे चक्र फिरत राहतं.

उथळ पाणी किती तापणार, हे बरंचसं दुपारी भरती आहे की ओहोटी, यावर ठरतं. ऊन तेवढंच, पण पाण्याचा थर निम्मा झाला तर तापमान दुपटीने चढतं. दुपारच्या ओहोटीत गुडघाभर पाण्यात उभं राहा, पाय कोमट पाण्यात असतात. मग भरती लागते आणि घोट्याशी गार धार जाणवते. समुद्र एवढा मोठा, की दिवसभरात त्याचं तापमान फारसं हलत नाही. हिवाळ्याच्या रात्री तर उथळ पाणी समुद्रापेक्षा थंड पडतं, आणि तेव्हा हीच भरती ऊब आणते.

पण पाणी आत शिरायला वाट हवी. ओडिशातलं चिल्का हे खाजण सरोवर पावसाळ्यात हजारभर चौरस किलोमीटर पसरतं, खोली मात्र बहुतेक ठिकाणी दोन मीटरच्या आतच. त्या किनाऱ्यावर लाटा वाळूला ईशान्येकडे ढकलतात. त्या वाळूने मुख सरकत सरकत लांब गेलं, वाटही गाळाने भरली. भरतीचा बहुतेक जोर त्या चिंचोळ्या वाटेतच जिरायचा. आतलं पाणी गोडं होत गेलं, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. 1993 मध्ये चिल्काचं नाव धोक्यातल्या रामसर पाणथळींच्या (पाणथळी जपण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या जागांच्या) यादीत गेलं.

सप्टेंबर 2000 मध्ये सातपाड्याजवळ वाळूचा बांध फोडून नवं मुख उघडलं. समुद्राची वाट कितीतरी किलोमीटरने कमी झाली. मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की पाणी हलवायला पंप लागला नाही. खारं, जड पाणी तळाने आत येतं, नद्यांचं गोडं, हलकं पाणी वरून बाहेर जातं, आणि भरती-ओहोटी ही घुसळण दिवसातून दोनदा करते. पावसाळ्यात मात्र नद्यांचाच जोर चालतो. 2002 मध्ये चिल्का त्या यादीतून बाहेर आलं.

किनाऱ्याची वाळू अजून सरकतेच आहे, म्हणून मुखावर सतत नजर ठेवावी लागते.