डायल स्टँड आणि त्याखालची प्लेट : सपाटी तपासण्यामागची पार्श्वभूमी

मिरकरवाडा किंवा हर्णै बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये बोटीच्या डिझेल इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचं झाकण) सपाट आहे का ते तपासायला डायलचा स्टँड, म्हणजे उंचीतला बारीक फरक काट्याने दाखवणारं मापक धरणारा आधार, काढला जातो. काटा दाखवतो तो मात्र स्टँड ज्यावर सरकतो त्या पृष्ठाशी असलेला फरक. त्यामुळे स्टँडचा इतिहास मुळात सरफेस प्लेटचा, म्हणजे मोजमापासाठी अगदी सपाट केलेल्या त्या पृष्ठाचा आहे.

लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात अशा प्लेटा वापरात होत्या. तिथे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेसमोर त्या करण्याची रीत मांडली. एमरी (घासायची कठीण पूड) घालून घासण्याला त्याचा विरोध होता, कारण एमरी सारखी पसरत नाही. त्याऐवजी एका प्लेटला पातळ रंग लावायचा, दुसरी टेकवायची आणि रंग लागलेले उंचवटे स्क्रेपरने (खरवडायच्या हत्याराने) काढायचे. प्लेटा तीनच हव्यात. दोनच असल्या तर एक फुगीर, दुसरी तितकीच खोलगट होऊनही रंग सगळीकडे लागतो. अ-ब, ब-क, क-अ अशा जोड्या फिरवल्या की हा दोष उघडा पडतो. पीळ राहू नये म्हणून प्लेट ९० अंशांत वळवूनही जुळवतात. मोजपट्टीशिवाय सपाटी जन्माला घालणारी ही युक्ती आजही थक्क करते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत डेटनला वॉलेस हर्मनने ग्रॅनाइटच्या प्लेटा आणल्या. कोकणाला त्या फारच मानवतात. इथल्या खाऱ्या, दमट हवेत बिडाची प्लेट तेलाशिवाय उघडी राहिली की गंजते. तो गंज पॉलिश पेपरने काढणारा तिथे खळगा पाडतो. ग्रॅनाइट गंजत नाही आणि ठोका बसला तर कपचा उडतो, कडेला उंचवटा येत नाही. चुंबकी बेस मात्र त्यावर धरत नाही, जड बुडाचा स्टँड लागतो. प्लेट पुसल्यावर पूर्ण सुकू द्यावी, खिडकीतलं ऊन पडू देऊ नये : वरचा थर तापला की ती मधोमध फुगते.

सर्रास होणारी चूक वेगळीच. हेड थेट प्लेटवर ठेवून वरून डायल फिरवला तर समांतरता कळते, सपाटी नाही. हेड तीन स्क्रू-जॅकवर (फिरवून उंची बदलता येणाऱ्या टेकूंवर) ठेवावं, कडेच्या तीन लांब बिंदूंवर काटा शून्यावर आणावा, मग पूर्ण पृष्ठावर फिरावं. सर्वांत मोठ्या आणि लहान वाचनातला फरक ही सपाटीतली चूक. स्टँडची दांडी आखूड ठेवावी. शेवटी पहिल्या बिंदूवर शून्य परत आलं नाही, तर क्लँप सैल आहे असं समजून सगळी वाचनं पुन्हा घ्यावीत.