जस्त ताटात असतं, अंगी लागतं का?

1958 साली बक्सरचे तरुण डॉक्टर आनंद प्रसाद इराणमधल्या शिराझला पोहोचले. तिथे त्यांच्यासमोर आलेला एक रुग्ण 21 वर्षांचा होता, पण दिसत होता 10 वर्षांच्या मुलाएवढा. त्याला रक्तक्षय होता, तो वयातही आला नव्हता. जेवण म्हणजे न आंबवलेल्या पिठाची गव्हाची रोटी, दूध-मांस जवळजवळ नाहीच, वर माती खायची सवय. त्या भागात असे आणखी तरुण होते. रक्तक्षयाचं कारण लोहाच्या कमतरतेत सापडत होतं, पण उंची का खुंटली? प्रसादांनी 1961मध्ये जस्ताच्या कमतरतेची शंका मांडली. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांना जस्त दिल्यावर ती उंच झाली, वयात आली.

मला या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटते ती रोटी. गव्हात जस्त असतंच. मग ते गेलं कुठे?

धान्याचा दाणा म्हणजे बी. रोपासाठी लागणारा फॉस्फरस ते फायटिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवतं. हे आम्ल आतड्यात जस्ताला असं घट्ट धरून बसतं की बरंचसं जस्त शोषलं न जाता बाहेर पडतं. भारतीय आहारात धान्य-डाळींवरच भर, म्हणून आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 साली जस्ताची रोजची शिफारसही चढी ठेवली: पुरुषांना 17 मिलिग्रॅम, स्त्रियांना 13.2. अमेरिकेत हेच आकडे 11 आणि 8 आहेत.

बी रुजायला लागलं की मात्र त्यातलं फायटेज नावाचं विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि हे आम्ल तोडतं. रात्री भिजवून, उपसून, फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीत नेमकं हेच घडतं. इडलीचं, आंबोळीचं पीठ आंबतं तेव्हाही फायटिक आम्ल कमी होतं. म्हैसूरच्या संशोधकांनी 2010मध्ये दाखवलं की धान्य-कडधान्यांबरोबर लसूण किंवा कांदा असला तर त्यांतलं जस्त अधिक सुटं होतं. प्रयोग परीक्षानळीतला होता, माणसांवरचा नव्हे. तरी उसळीत लसणाची फोडणी आणि भाकरीशेजारी कांदा मला तेव्हापासून आणखी आवडू लागलाय.

मांसाहार करणाऱ्यांचं काम सोपं आहे. मटणातलं जस्त सहज शोषलं जातं, आणि कोकणात खडकावरून काढतात ती कालवं तर जस्ताच्या बाबतीत सगळ्या अन्नांत वरचढ. शाकाहारी घरात तीळ, काजू, हरभरे आणि लाल भोपळ्याच्या बियांवर भिस्त ठेवावी. त्या बिया आपण सर्रास फेकून देतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. धुऊन, वाळवून, मिठात भाजल्या की चारच्या चहाला फरसाणाऐवजी चालतात. मोठा चमचाभर तिळात पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास जस्त असतं. तिळाची चटणी रोज ताटात असली तर तेही जमेला धरायचं.

कोविडच्या काळात जस्ताच्या गोळ्या घरोघरी आल्या, काही घरांत अजून चालूच आहेत. जास्त जस्त महिनोन्‌महिने पोटात गेलं तर तांब्याचं शोषण घटतं, त्यातून रक्तक्षयही होऊ शकतो. लहान मुलांना जुलाबात डॉक्टर 10 ते 14 दिवस जस्त देतात, ते वेगळं; तो डोस पुरा करावा.

राहुरीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेबरोबर काढलेलं ‘धनशक्ती’ हे बाजरीचं वाण 2012पासून महाराष्ट्रात आहे. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारे 40 मिलिग्रॅम जस्त आणि 71 मिलिग्रॅम लोह असतं. भाकरी नेहमीसारखीच थापायची, वरून तीळ लावायचे.