मुशीतला राणीछाप रुपया
पुण्यात गच्चीवर लहानशी विजेची भट्टी मांडून चांदीच्या लगडी ओतणारे हौशी लोक आज एकट्याने जी कामे उरकतात, ती पूर्वी वेगवेगळ्या हातांत वाटलेली होती. पेशवाईत पुण्याच्या टांकसाळीचा अंकुशी रुपया आणि इतर टांकसाळींचे रुपये बाजारात एकाच वेळी फिरत, त्यामुळे कस, म्हणजे धातूची शुद्धता पाहून बट्टा, म्हणजे किमतीतली घट ठरविण्याचे काम पोतदाराकडे असे. सोनाराच्या दुकानातला केर धुऊन धातू वेचणारा झारेकरी निराळा आणि धातू ओतणारा ओतारीही निराळा.

छंदाचा कच्चा माल बहुधा घरच्या डब्यातूनच निघतो. १८३५ पासूनचा कंपनीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता व त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे; १९४० मध्ये ते प्रमाण निम्म्यावर आले आणि तांब्याच्या जोडीला निकेल व जस्तही आले. राणीछाप रुपया मुशीत टाकणे मला स्वतःला पटत नाही, पण झिजून छाप गेलेल्या नाण्यांबद्दल तक्रार नाही. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला सोन्याची लगड बाळगता येत नव्हती, आणि हा कायदा १९९० पर्यंत टिकला. चांदीच्या विटेला मात्र ते बंधन नव्हते.

शुद्धीकरणाची जुनी रीत शिशाची. हिणकस चांदीत चौथा हिस्सा शिसे घालून ती शोधावी, असे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. शिशाच्या विषारी धुरामुळे ही रीत घरात आणण्याजोगी नाही. हौशी मंडळी नायट्रिक ॲसिड वापरतात, आणि त्याचा तपकिरी धूरही फुप्फुसांना कमी घातक नाही. नाणे विरघळले की तांब्यामुळे द्राव निळा-हिरवा होतो. त्यात तांब्याची पट्टी सोडली की तिच्यावर करड्या चांदीची लव धरते, पट्टी झटकली की ही लव तळाशी बसते, आणि धुण्याच्या पाण्यातली निळी झाक पुरती जाईपर्यंत ती धूत राहावी लागते.

ही भुकटी टाकणखार (बोरॅक्स) घालून आटवतात. चांदी ९६१ अंशांच्या पुढे वितळते, पातळ असताना हवेतला ऑक्सिजन शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते, तेव्हा पृष्ठभागावर फोड उठतात. ओतारी त्याला खोट म्हणत. आजचे हौशी तीच नक्षी म्हणून राखतात, वर पोलादी ठशाने आद्याक्षर आणि वजन ठोकतात. कसाचा आकडा ठोकायचा असेल तर मात्र लगड सराफाकडच्या यंत्राखाली न्यावी लागते. पोतदाराचे काम तेवढे अजून गच्चीवर आलेले नाही.