गॅस डिटेक्टर आणि जोरदार बीम : ‘रेट क्षमता’ म्हणजे नेमके काय?

रेट क्षमता म्हणजे डिटेक्टर किती दाट कणमारा न बिघडता झेलू शकतो ते. 1968 च्या मल्टिवायर चेंबरची (वायूत ताणलेल्या तारांच्या कणशोधकाची) मर्यादा आयनांनी ठरवली. तारांमध्ये साधारण 2 मिमी अंतर. धन आयनांना कॅथोड गाठायला शेकडो मायक्रोसेकंद लागतात. बीम वाढला की ते तारेभोवती साचतात, विद्युतक्षेत्र क्षीण होते, गेन (एका इलेक्ट्रॉनचे किती इलेक्ट्रॉन होतात तो गुणक) घसरतो. चौरस मिलिमीटरला सेकंदाला दहाएक हजार कणांपुढे ही रचना दमते.

1988 मध्ये काचेवरच्या सूक्ष्म पट्ट्या आल्या. आयन लगतच्या कॅथोड पट्टीवर लगेच उतरू लागले, रेट वाढला. पण हॅड्रॉन (प्रोटॉनसारख्या कणांच्या) बीममध्ये अणुकेंद्राच्या एखाद्या जड तुकड्याने अॅव्हलांश, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा वाढत जाणारा लोंढा, 10 लाखांच्या दसपट इलेक्ट्रॉनांपर्यंत नेला की ठिणगी पडे आणि पट्टी जळे. 1996-97 मध्ये मायक्रोमेगास (बारीक जाळीचा) आणि जेम (छिद्रांच्या फॉइलचा) हे गॅस डिटेक्टर आले ते या पार्श्वभूमीवर. जेमची फॉइल 50 मायक्रॉन पॉलिइमाइडची, दोन्ही बाजूंना 5 मायक्रॉन तांबे, 70 मायक्रॉनची छिद्रे 140 मायक्रॉनवर. तीन फॉइल्सनी गेन वाटून घेतला की ठिणग्या खूपच कमी होतात.

तेव्हापासून ‘चौरस मिलिमीटरला सेकंदाला 10 लाख’ हा आकडा सर्रास सांगितला जातो. आमच्या मते तो एकटा फसवा आहे. डिटेक्टरला कणांची संख्या कळत नाही, विद्युतप्रवाह कळतो. 5.9 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एक्स-रे आर्गॉनमध्ये सुमारे 220 इलेक्ट्रॉन सोडतो. 3 मिमी ड्रिफ्ट गॅप (फॉइलआधीचा वायूचा थर) ओलांडणारा म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण जड कण) तिसेक. म्हणजे तोच ‘रेट’, पण प्रवाह सातपट. शिवाय गेन किती धरला, हे न सांगता आकडा देणे अर्धेच सांगणे.

त्याहून महत्त्वाचे, किती क्षेत्रफळावर मारा होता? काही मिलिमीटरच्या बीमने घेतलेली चाचणी इथे दगा देते. समजा 100 चौ.सेमी.चा एक सेक्टर (फॉइलचा स्वतंत्र विद्युतपुरवठ्याचा भाग), त्याला 10 मेगओहमचा संरक्षक रेझिस्टर, गेन 10,000, आणि चौरस सेंटिमीटरला सेकंदाला 1,50,000 म्यूऑनसारखे कण. प्रवाह सुमारे 0.7 मायक्रोअँपिअर, व्होल्टेज 7 व्होल्टने खाली. फॉइलवर 400 व्होल्टच्या आसपास असले तरी गेन घातांकी असल्याने ही घट जाणवते. न्यूट्रॉन-फोटॉनची पार्श्वभूमी जास्त आयनन करते, तिथे घट वाढते.

म्हणून बीमजवळच्या नव्या म्यूऑन चेंबरमध्ये सेक्टर त्रिज्येच्या दिशेने कापले गेले : आतल्या कडेचा जास्त मारा मग सगळ्या सेक्टरांत सारखा वाटला जातो, आणि पुरवठ्याचे व्होल्टेज तेवढे वाढवून घट भरून काढता येते. रेझिस्टर लहान करणे सोपे वाटते खरे, पण ठिणगीनंतर पुरवठ्यातून धावणारा प्रवाह तोच अडवतो.