नवी सर्फ गिटार घेतलीत? मग पाना हातात घेण्याआधी हे वाचा

गेल्या पावसाळ्यात एक मुलगा रात्रीच्या एसटीने कोल्हापूरहून पुण्याला आमच्या गिटार दुरुस्तीच्या दुकानात आला. पाठीवर नवीकोरी जॅझमास्टर (फेंडर कंपनीचं एक इलेक्ट्रिक मॉडेल) घाटाची गिटार आणि चेहरा पडलेला. "परवापर्यंत वाजत होती, काल एकदम मुकी झाली." आम्ही गिटार काउंटरवर आडवी ठेवली, वरच्या शिंगाजवळचा छोटा सरकता स्विच खाली ओढला आणि गिटार बोलू लागली. बिल शून्य, चहा आमच्याकडून. परतीच्या गाडीचे पैसे मात्र त्याचे गेले ते गेलेच. तसं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून हे पत्रक.

जॅझमास्टर, जॅग्वार आणि त्या घाटाच्या सगळ्या सर्फ गिटार (कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फ संगीतात गाजलेल्या) दुकानातून घरी आल्या की पहिल्या आठवड्यात मालकाला रडवतात. तारा घसरतात, ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो भाग) डुगडुगतो, कुठून तरी खुळखुळ ऐकू येते. मग मालक इंटरनेटवर बसतो आणि महागडा ब्रिज मागवतो. आमचं म्हणणं एवढंच की आधी सेटअप (तारा, ब्रिज आणि गिटारची मान यांची जुळणी) करा, खर्चाचं मग बघू. यातल्या बहुतेक तक्रारी तारांचा एक जाड संच आणि एक पातळ पट्टी एवढ्यावर मिटतात.

ही गिटार अशी का आहे

लिओ फेंडर यांच्या कंपनीने जॅझमास्टर १९५८ साली कॅलिफोर्नियात बाजारात आणली. नाव सांगतं तसं गिऱ्हाईक जॅझवाल्यांचं धरलं होतं. बसून वाजवताना मांडीवर नीट बसावी म्हणून कंबर तिरकी कापली, गळ्याकडच्या पिकअपला (तारांचा आवाज पकडणारा भाग) मऊ, गोलसर आवाजासाठी वेगळी वायरिंग दिली. जॅझवाल्यांनी तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. तिला उचललं ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पोरांनी. १९६१ मध्ये फेंडरने स्प्रिंगचा रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा परिणाम) वेगळ्या पेटीत आणला, १९६२ मध्ये जॅग्वार आली, आणि या दोन गिटार, भरपूर रिव्हर्ब आणि वेगाने वर-खाली चालणारा पिक असं सर्फचं रसायन जमलं. गंमत अशी, की सर्फ गिटारचा राजा म्हणतात तो डिक डेल स्वतः स्ट्रॅटोकास्टर वाजवायचा, तीही डावखुऱ्या हाताने, जाड तारा उलट्या क्रमाने लावून. तेव्हा 'सर्फसाठी हीच गिटार लागते' असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. १९५८ साली गिटारवर जाड तारा असायच्या, बाराचा संच (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) आणि तोही बऱ्याचदा सपाट गुंडाळीचा. या गिटारचा ब्रिज आणि ट्रेमोलो (दांड्याने सूर हलवायची यंत्रणा) त्या ताणासाठी बेतलेला आहे. आज दुकानातून गिटार येते ती नऊच्या नाहीतर दहाच्या तारा लावून. ताण कमी, म्हणून ब्रिजवर दाब कमी, म्हणून जोरात पिक मारला की तार सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकवणारा तुकडा) खाचेतून उडते. गिटार सदोष नाही, तिला फक्त हलक्या तारा घातल्या आहेत.

डुगडुगणारा ब्रिज

ब्रिजला बोट लावलं की तो पुढे-मागे कलतो. तो कललाच पाहिजे. त्याचे दोन पाय धातूच्या वाट्यांत टोकदार स्क्रूवर उभे असतात. ट्रेमोलोचा दांडा दाबला की तारा पुढे सरकतात आणि त्यांच्यासोबत ब्रिजही झुलतो. तार सॅडलवर घासत नाही, आणि दांडा सोडला की सूर जागेवर येतो. काही मंडळी पहिल्याच दिवशी पायांना टेप गुंडाळून ब्रिज घट्ट बसवतात. दांडा क्वचितच वापरणार असाल तर तसं केल्याने बिघडत नाही. पण दांड्याची मींड हवी असेल तर ब्रिजला झुलू द्या. तारा बदलल्यावर तो सरळ उभा आहे ना एवढं बघा. एका बाजूला रेलून बसला असेल तर इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर यावा म्हणूनची जुळणी) कितीही लावा, टिकणार नाही.

ब्रिज आणि ट्रेमोलो यांच्यामध्ये तारांची बरीच लांबी मोकळी राहते. ती वाजते. सतारीच्या तरफा जशा मूळ तारेसोबत आपोआप गुणगुणतात तशीच. काहींना हा गुंजारव हवाच असतो. सॉनिक यूथसारख्या बँडने तर ब्रिजमागच्या तारा मुद्दाम छेडल्या. नको असेल तर तिथे तारांतून फेल्टची पट्टी किंवा केसांचा जाड रबर ओवा. एवढ्यासाठी सुटा भाग विकत घेऊ नका, आम्हीही विकणार नाही.

खुळखुळ मात्र वेगळी. ती सॅडलच्या उंचीच्या बारीक स्क्रूंची असते. वाजवता वाजवता ते सैल होतात. उंची लावून झाली की प्रत्येक स्क्रूवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब सोडा. तंबोऱ्याची जवारी काढायला मिरजेत पिढ्यान्‌पिढ्यांचे कारागीर बसले आहेत, पण इथली झणझण ही जवारी नव्हे, तिला घालवायचंच असतं.

तारा

जॅझमास्टरला किमान अकराचा संच लावा. जॅग्वारची तार लांबीला कमी, २४ इंच, जॅझमास्टरची साडेपंचवीस. त्याच तारा, तोच सूर लावला तरी जॅग्वारवर ताण सुमारे ११ टक्के कमी पडतो, म्हणून तिला बाराचा संचही छान बसतो. "बोटं दुखतील" ही भीती घेऊन येणाऱ्यांना आम्ही अकराच्या तारांची गिटार हातात देतो आणि गप्प बसतो. जुना सर्फी आवाज हवा असेल तर सपाट गुंडाळीच्या तारा एकदा लावून पाहा. टोल्याला 'टुक्‌' असा भरीव आवाज येतो आणि बोटांची चरचर थांबते.

जाड तारा लावल्यावर नटमध्ये (खुंट्यांकडच्या टोकाची खाचांची पट्टी) तार अडकू शकते. खुंटी पिळताना 'टिंग' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर खाच अरुंद आहे असं समजा. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत फिरवून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर आमच्याकडे या. खाच घरच्या कानशीने कोरू नका. एकदा खोल गेली की नट नवाच घालावा लागतो.

नेकखालची पट्टी

आमच्या मते या गिटारवरचं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि सगळ्यात स्वस्तही. तारा ब्रिजवरून मागे ट्रेमोलोकडे अगदी उथळ कोनात उतरतात. ब्रिज जितका उंच तितका कोन तीव्र आणि तार खाचेत तितकी घट्ट. पण नुसता ब्रिज चढवला तर तारा फ्रेटपासून लांब जातात. म्हणून नेकच (गिटारची मान) किंचित मागे कलवायची: नेक जिथे बॉडीत बसते त्या खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पट्टी घालायची. अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घातली तर अ‍ॅक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) तीच ठेवून ब्रिज दीड-पावणेदोन मिलिमीटर वर घेता येतो. आकडा छोटा वाटेल, हाताखाली फरक कळतो.

पहिल्यांदा करून बघणाऱ्यांसाठी: तारा सैल करा, नेकचे चार स्क्रू काढा, नेक हलक्या हाताने उचला. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची बोटभर रुंदीची पट्टी कापा. (आमच्या कपाटात पत्रिकांचा गठ्ठाच आहे, चकचकीत छपाईच्या चालत नाहीत, खरबरीत हातकागदाच्या उत्तम.) पट्टी खाचेच्या मागच्या कडेला आडवी ठेवा, स्क्रूच्या भोकांवर येऊ देऊ नका, नेक बसवा आणि चारही स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळा. फरक आवडला तर आमच्याकडे मेपलची उतरती पट्टी बसवून घ्या; ती पूर्ण खाचेत टेकते आणि नेकला कुठेही पोकळी राहत नाही. कारखान्यातूनही अनेक गिटार नेकखाली पट्टी घालूनच बाहेर पडल्या आहेत. पट्टी सापडली म्हणजे फसवणूक झाली असं समजून दुकानदाराशी भांडू नका.

आम्ही कोणत्या मापावर सेट करतो

पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटच्या फ्रेटपाशी तार दाबलेली. आठव्या फ्रेटवर फिलर गेजने (फट मोजायची पातळ पट्टी) नेकचा बाक ०.२५ मिमीच्या आसपास. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची १.६ मिमी. फिंगरबोर्डची गोलाई जुन्या पद्धतीची, सव्वासात इंची असेल तर २ मिमी, नाहीतर वर ओढलेला सूर मधेच गुदमरतो. ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका आणि फिरवल्यावर रात्रभर थांबा.

ट्रेमोलोच्या पत्र्यावर एक बटण असतं. बहुतेकांना वाटतं ते शोभेचं. ते कुलूप आहे: मैफलीत एखादी तार तुटली तर बटण सरकवायचं म्हणजे बाकीच्या तारा सुरात राहतात. स्वस्त गिटारवर ते कधी कधी नसतंच, त्याने फार अडत नाही. असेल तर गिटार सुरात लावा, बटण सरकवा. सूर चढला किंवा उतरला तर मधला मोठा स्क्रू थोडा फिरवा, पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा. बटण लावूनही सूर हलत नाही, तिथे थांबा. या कामाला अर्धा तास जातो आणि चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेवतो.

स्विच, हुंकार आणि विजेचा चटका

वरचा स्विच वर असेल तर फक्त गळ्याकडचा पिकअप चालतो आणि त्याचा आवाज शेजारच्या दोन दातेरी चाकांवरून ठरतो. खालची बटणं, तीन घरांचा स्विच, सगळं बाजूला पडतं. मनगट लागून स्विच वर गेला आणि चाक शून्यावर असलं की गिटार मुकी. कोल्हापूरच्या पाहुण्याचं नेमकं हेच झालं होतं. जॅग्वारवर खालच्या शिंगापाशी आणखी तीन स्विच असतात. दोन पिकअप चालू-बंद करतात, तिसरा खर्ज कापून आवाज पातळ करतो.

सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप हुंकारणारच. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर हुंकार बराच दबत असेल तर वायरिंग नीट आहे. त्याहून कमी करायचा असेल तर आतल्या पोकळीला तांब्याचा चिकट पत्रा लावून देतो.

पण तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि ओठ माइकला लागला की चटका बसतो, ही तक्रार गिटारची नाही. घरच्या किंवा हॉलच्या अर्थिंगची आहे. अशा वेळी गिटार उघडू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनी प्लगची अर्थची पिन कापून अ‍ॅम्प लावलेला दिसला तर आम्ही त्या अ‍ॅम्पला हात लावत नाही, आणि तुम्हीही लावू नका.

बदल करायचेच असतील तर

सेटअपनंतर महिनाभर वाजवा. तरीही तार उडत असेल तर एकेका खोल खाचेच्या सॅडलचा मस्टँग (फेंडरचंच दुसरं मॉडेल) पद्धतीचा ब्रिज घाला. साधारणपणे त्याच वाट्यांत बसतो. मागवण्याआधी पायांमधलं अंतर आणि वाटीचा व्यास मोजा, कारण आशियात बनलेल्या गिटारींची मापं सारखी नसतात. ट्रेमोलोपुढे स्क्रूने बसवायचा दाबपट्टीचा रोलर आम्ही सुचवत नाही. तार खाचेत राहते, पण गुंजारवाचा जीव जातो आणि मींड जड होते.

आवाज फार चिरका वाटतो? जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये पॉट (बटणांखालचे रोधक) एक मेगाओहमचे असतात. पाचशे किलोओहमचे घातले की धार बोथट होते. त्याआधी टोनचं बटण सातवर आणून बघा, ते फुकट आहे. पिकअप बदलण्याआधी आत काय आहे ते बघू. खऱ्या जॅझमास्टर पिकअपची कॉइल रुंद आणि चपटी, आणि मधले खांब स्वतःच चुंबक असतात; पुष्कळ स्वस्त गिटारींत त्याच आकाराच्या झाकणाखाली पी-नव्वद जातीचा पिकअप निघतो. तोही चांगला वाजतो, पण सर्फचा काचेसारखा टणत्कार त्यात शोधू नका.

बॉडी कोरून मोठे पिकअप बसवायला कुणी आलं तर आम्ही दोनदा विचारतो. कोरलेलं लाकूड परत भरता येत नाही. काढलेला प्रत्येक मूळ भाग आम्ही पिशवीत घालून, चिठ्ठी लावून परत देतो. तो जपून ठेवा.

गिटार आणताना

ट्रेमोलोचा दांडा आठवणीने आणा. तो घरी राहिला की आमचं काम अर्धवट राहतं. कोणत्या सुरात वाजवता ते सांगा, तारा स्वतःच्या आणल्यात तरी चालेल. गिटार दोन रात्री आमच्याकडे राहते. जून ते सप्टेंबरमध्ये नेक ओल धरते, म्हणून कोकण, मुंबई, गोव्याकडच्या ग्राहकांनी पावसाळा संपल्यावर एकदा तपासून घ्यावी. त्याच वर्षातली ही फेरतपासणी मोफत आहे. समुद्राकाठी राहणाऱ्यांनी वाजवून झालं की सुती फडक्याने तारा आणि ब्रिज पुसावा, कारण सॅडलचे बारीक स्क्रू एकदा गंजले की उंची बदलताना त्यांची डोकीच झिजतात.

न्यायला याल तेव्हा आमच्यासमोर दहा मिनिटं वाजवा, दांडा जोरात दाबा, जाड तारेवर पूर्ण ताकदीने पिक मारा. तार खाचेबाहेर आली तर गिटार तिथेच पुन्हा टेबलावर घेऊ.