हाड, तोंड की डावा डोळा? वैद्यकीय कागदांवरचा ‘ओएस’

गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘इंटर्नल ओएस क्लोज्ड’ असे लिहिलेले असते. घोट्याच्या एक्स-रेवर ‘ओएस ट्रायगोनम’ दिसते, चष्म्याच्या नंबराच्या कागदावर दुसऱ्या ओळीला नुसतेच ‘ओएस’ आणि हृदयाच्या टू-डी इकोमध्ये ‘ओएस एएसडी’. रोमन अक्षरे सगळीकडे तीच दोन, पण पहिल्या ठिकाणी त्यांचा अर्थ तोंड, दुसऱ्या ठिकाणी हाड, तिसऱ्या ठिकाणी डावा डोळा आणि चौथ्या ठिकाणी हृदयाच्या पडद्यातले एक विशिष्ट छिद्र.

पहिले दोन अर्थ थेट लॅटिनमधून आलेले, आणि ते पूर्ण शब्द आहेत, आद्याक्षरे नव्हेत. म्हणून डॉक्टर त्यांचा उच्चार ‘ऑस’ असा करतात. लॅटिनमध्ये हे दोन वेगळे शब्द होते. स्वर लांबवला तर तोंड, आखूड ठेवला तर हाड. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात, उत्तर आफ्रिकेत बिशप असलेल्या ऑगस्टीन यांनी नेमकी हीच अडचण नोंदवली आहे. तिथल्या लोकांच्या कानाला स्वरांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कळत नव्हता. तेव्हा हाडासाठी पंडितांना अशुद्ध वाटणारे ‘ऑसुम’ हे रूप वापरावे, निदान लोकांना समजेल तरी, असे त्यांचे मत होते.

शरीररचनाशास्त्राने हा पेच षष्ठीच्या रूपाने सोडवला. ‘तोंडाचा’ म्हणायचे तर ‘ओरिस’ आणि ‘हाडाचा’ म्हणायचे तर ‘ऑसिस’. ओठांभोवतीच्या वर्तुळाकार स्नायूचे नाव ‘ऑर्बिक्युलारिस ओरिस’. तिथे हाडाचा संबंध नाही. ‘ओरल’ हा शब्द तोंडाच्या घराण्यातला, ‘ऑसिफिकेशन’ (हाड तयार होणे) हाडाच्या.

सोनोग्राफीतला ‘ऑस’ म्हणजे गर्भाशयाचे मुख. मराठीत बायका ‘पिशवीचं तोंड उघडलं’ म्हणतात, ते अगदी नेमके आहे. मात्र इथे तोंडे दोन असतात. गर्भाशयाच्या मानेतून जाणारी नळी योनीत उघडते ते बाहेरचे मुख आणि गर्भाशयाच्या पोकळीत उघडते ते आतले. मान अकाली उघडू लागते तेव्हा सहसा आतले मुख आधी पसरते आणि सोनोग्राफीत नरसाळ्याचा आकार दिसतो. बाहेरचे मुख त्या वेळी बंदच असू शकते. म्हणून हाताच्या तपासणीत ‘बंद’ आणि सोनोग्राफीत ‘आत उघडतेय’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. दोन मुखांमधले अंतर म्हणजे मानेची लांबी. 24 आठवड्यांच्या आत ती 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर मान आखूड समजतात. हे मोजमाप योनीमार्गे आणि लघवी करून आल्यावर घ्यावे लागते. मूत्राशय भरलेले असेल किंवा सोनोग्राफीचा प्रोब (आत घालायची दांडी) जास्त दाबला गेला, तर मान आहे त्यापेक्षा लांब दिसते आणि खोटा दिलासा मिळतो.

वारेची जागाही याच आतल्या मुखापासून मोजतात. वारेची कडा मुखापासून 20 मिलिमीटरच्या आत असेल तर वार खाली आहे असे म्हणतात. तिने मुख झाकले असेल तर तो ‘प्लासेंटा प्रिव्हिया’. विसाव्या आठवड्यात खाली दिसलेली वार बहुतेक वेळा गर्भाशयाचा खालचा भाग वाढत जातो तशी मुखापासून दूर जाते. त्यामुळे 32 आठवड्यांच्या सुमारास पुन्हा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत रक्तस्राव झाला तर ‘ऑस बंद’ हे शब्द फार महत्त्वाचे असतात. मुख बंद असेल आणि बाळाचे ठोके दिसत असतील तर गर्भ टिकण्याची आशा चांगली असते.

आता हाड. ‘ऑस’ हा शब्द आधी आणि पुढे दुसरे लॅटिन नाव, अशी जोडी एक्स-रेवर दिसली की ते हाड समजावे. ‘ऑस कॅल्सिस’ म्हणजे टाचेचे हाड, ‘ऑस कॉक्से’ म्हणजे खुब्याचे. पण घोळ होतो तो जादा हाडांच्या बाबतीत. घोट्यातल्या टेलस हाडाच्या मागच्या टोकाला साधारण 7 ते 13 या वयात हाड तयार होण्याचे एक वेगळे केंद्र दिसू लागते आणि एरवी ते लवकरच मूळ हाडाला जुळते. काहींमध्ये ते जुळतच नाही. तोच ‘ऑस ट्रायगोनम’. खांद्याच्या टोकाला असेच न जुळलेले हाड असले तर ‘ऑस ॲक्रोमिअली’. तिथे जुळणी पंचविशीपर्यंत चालू राहत असल्याने त्याआधी हे निदान पक्के करत नाहीत. पाय मुरगळल्यावर काढलेल्या एक्स-रेत असा तुकडा दिसला की तो फ्रॅक्चर वाटतो. ओळखायची खूण कडेत आहे. अशा जादा हाडाची कड गोलसर असते आणि तिच्यावर सगळीकडून पांढरे, टणक कवच दिसते; ताज्या फ्रॅक्चरची कड खडबडीत असते आणि तुटलेल्या बाजूला हे कवच नसते. तरीही शंका उरली तर दुसऱ्या पायाचा एक्स-रे काढून पाहतात, पण जादा हाड एकाच पायात असू शकते हे लक्षात ठेवावे लागते.

हृदयाच्या रिपोर्टमधला ‘ओएस’ मात्र संक्षेप आहे: ‘ऑस्टियम सेकंडम’. पुढचे ‘एएसडी’ म्हणजे दोन कर्णिकांमधल्या, अर्थात हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्यातले छिद्र. ऑस्टियम म्हणजे द्वार, तोही तोंडाच्याच कुळातला. गर्भावस्थेत दोन कर्णिकांमधल्या पडद्यात आधी एक द्वार असते, ते बंद होत असताना दुसरे तयार होते. या दुसऱ्या द्वाराच्या जागी, पडद्याच्या मध्यभागी छिद्र राहिले तर ते सेकंडम. भोवती पुरेशी कड असेल तर ते मांडीच्या शिरेतून नेलेल्या छत्रीसारख्या उपकरणाने बंद करता येते. ‘ओपी’ म्हणजे ‘ऑस्टियम प्रायमम’, पहिल्या द्वाराच्या जागचे छिद्र. ते झडपांना लागून असते, त्याला शस्त्रक्रियाच लागते. एका अक्षराने उपचार बदलतो.

गोळ्यांच्या कागदावर ‘पर ऑस’ म्हणजे तोंडाने. त्याचे लघुरूप ‘पीओ’. ऑपरेशनआधी लिहिलेले ‘एनपीओ’ म्हणजे तोंडाने काहीही नाही. नियोजित ऑपरेशनसाठी निरोगी माणसाला पाणी किंवा कोरा चहा भूल देण्याच्या 2 तास आधीपर्यंत चालतो, हलके खाणे 6 तास आधीपर्यंत. दुधाचा चहा पातळ असला तरी तो खाण्यात धरतात, कारण दूध पोटात घट्ट होते आणि उशिरा पुढे सरकते. भुलीत ते उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. रोजच्या गोळ्या घोटभर पाण्यासोबत घ्यायच्या की थांबवायच्या, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावे.

सर्वांत धोक्याचा अर्थ डोळ्यांचा. इथे ‘ओ’ म्हणजे ‘ऑक्युलस’, डोळा. ‘ओडी’ उजवा, ‘ओएस’ डावा, ‘ओयू’ दोन्ही. कानांसाठी हीच जोडी ‘ए’ने सुरू होते: ‘एडी’, ‘एएस’, ‘एयू’. घाईच्या अक्षरात रोमन ‘ए’ आणि ‘ओ’ एकसारखे दिसतात आणि कानाचे औषध डोळ्यात जाते. ते डोळ्यासाठी बनवलेले नसते. त्याची आम्लता किंवा त्यातला द्रावक डोळ्याला भाजू शकतो. ‘पर ऑस’मधला ‘ऑस’ डावा डोळा म्हणून वाचला जाण्याचा धोकाही औषधसुरक्षेच्या याद्यांमध्ये नोंदवलेला आहे. त्यात ‘ओडी’ अनेक देशांत ‘दिवसातून एकदा’ यासाठीही लिहितात. थेंबांच्या नावापुढे फक्त ‘ओडी’ असेल तर तो उजवा डोळा की रोज एकदा, हे कागदावरून ठरवताच येत नाही. अशा वेळी अंदाज न करता लिहिणाऱ्यालाच विचारावे आणि बाटलीवर पूर्ण शब्दांत लिहून घ्यावे: उजव्या डोळ्यात, एक थेंब, रोज सकाळी.